सतरा नंबरची गोटी

४ फेब्रुवारी, मंगळवार
शाळेच्या दाराची चौकी

होनोराताबाई,

बारा नंबरच्या खोलीची किल्ली तुमच्याकडे राहिली आहे. पितळी, दोन दात्यांची, कडीला हिरवा दोरा. तुम्ही जाऊन बारा दिवस झाले तरी ती आली नाही. दुसरी माझ्याकडे आहे, त्यामुळे अडलेलं काही नाही. पण चौकीतल्या फळ्यावर खिळे एकोणचाळीस आणि किल्ल्या अडतीस, हे मला रोज सकाळी दिसतं आणि खटकतं.

खोलीत मागे राहिलेलं सामान: निळ्या खुर्च्या दोन (एकीचा पाय मीच डिसेंबरात बसवून दिला होता), किटली एक, चहाचा अर्धा डबा, कागदी रुमालांचे तीन खोके आणि खिडकीतलं ते रोप. रोपाला मी दर चौथ्या दिवशी एक पेला पाणी घालतो. तुम्ही जास्त घालायचात, मुळं कुजायला लागली होती. शाळेच्या मानसतज्ज्ञ तुम्ही, पण रोपाचं मन काही तुम्हाला कळलं नाही.

ती खोली एकोणीस वर्षं माझं कोठार होतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का, मला माहीत नाही. रंगाचे डबे, नळाचे सांधे, काचा, सगळं मापाप्रमाणे लावलेलं. दोन वर्षांपूर्वी मुख्याध्यापक गेरार्डसाहेब म्हणाले, “लेशेक, झाडू कुठेही राहतात. मुलांच्या मनाला खोली लागते.” दोन दिवसांत रिकामी करायची होती. एकतीस फेऱ्या लागल्या. तेव्हा मी फेऱ्या फक्त मोजल्या. आत्ताही तक्रार म्हणून लिहीत नाही, नोंद म्हणून लिहितो.

मालविना अजून घरीच आहे. तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगतो. डाव्या पायाची गारठलेली करंगळी डॉक्टरांना वाचवता आली नाही. शिक्षक आळीपाळीने तिच्या खेड्यात शिकवायला जातात. मालविना दार उघडते, वह्या काढते, लिहिते. बोलत नाही.

चौकशीत तुम्ही काय सांगितलंत, ते मला गणिताच्या बेर्नाडेताबाईंकडून कळलं. “चूक माझी. मी गणिताच्या बाईंना लेखी कळवायला हवं होतं.” एवढंच. मी तीनदा विचारलं की आणखी काही बोलल्या का. “नाही हो लेशेकराव,” त्या म्हणाल्या, “आणखी काय राहिलं होतं बोलायचं?”

मी म्हटलं, काही नाही, सहज.

किल्ली नोंदणीकृत टपालाने पाठवावी.

लेशेक
(शिपाई. तुमच्या अहवालात ‘सहायक कर्मचारी’ असं लिहिलं होतंत.)


२७ फेब्रुवारी, गुरुवार

होनोराताबाई,

तुमचं कार्ड मिळालं. श्चेचिनचं बंदर, त्यात शिडाचं जहाज, मागे दोन ओळी. ‘किल्ली माझ्याकडेच राहू द्या. मालविना कशी आहे?’

मालविनाचं मी आधीच लिहिलं होतं. तरी पुन्हा विचारलंत. म्हणजे माझ्या लिहिण्यावर भरवसा नाही, किंवा मग तिच्यात जीव अडकलाय. दोन्हींचा मला सारखाच राग आला.

आज ईस्टरआधीचे उपवास सुरू व्हायच्या आधीचा गुरुवार. शिक्षकखोलीत गुलाबाच्या मुरंब्याचे तळलेले गोळे आले, एकशे वीस. गेरार्डसाहेबांनी तीन खाल्ले आणि मार्च हा मनःस्वास्थ्याचा महिना म्हणून पाळायचं जाहीर केलं. बारा नंबरच्या दारावर तुमच्या नावाच्या जागी आता रंगीत कागद आहे: ‘बोला, आम्ही ऐकतोय.’ आत कुणी नाही. दाराला कुलूप आहे. तो कागद सरळ लावायला मला पाणसळ घेऊन जावं लागलं.

पिंपाचाही विषय निघाला. हे पत्र उद्या कुणा तिसऱ्याच्या हाती पडलं तर त्याला कळायला हवं, म्हणून नीट लिहितो. (मी प्रत ठेवतो.) अख्ख्या पोलंडात शाळाशाळांतून रोज नशिबाचा नंबर निघतो. हजेरीपटावर ज्याचा तो क्रमांक, त्याला त्या दिवशी कुणी फळ्याशी उभं करत नाही, तोंडी प्रश्न नाही, अचानक चाचणी नाही. इतर शाळांत आता हा नंबर संगणक काढतो. आपल्याकडे मी काढतो. सत्तावीस वर्षांपूर्वी अग्निशमनाच्या जुन्या नळाच्या पितळेतून मी ते पिंप केलं. आत बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या अठ्ठावीस गोट्या, व्यास तेवीस मिलिमीटर, एकही अर्ध्या मिलिमीटरने चुकलेली नाही. लेथ चालवायला मला कुणी शिकवलं नव्हतं. वाचनालयाने रद्दीत काढलेलं एक पुस्तक होतं, त्यातली चौतीस पानं गहाळ होती, ती मी स्वतःच्या डोक्याने भरून काढली. सकाळी सात चाळीसला पोरं पिंपाभोवती जमतात. एकाने फिरवायचं, मी हात घालायचा.

आणि त्या चौकीशेजारी एक स्टूल आहे. तुम्ही ते बघितलंत, पण त्यावर कोण बसायचं हे तुम्हाला फार उशिरा कळलं.

मालविनाची बस सात पाचला येते. शाळा उघडते साडेसातला. पहिलीत असताना ती बाहेर पायरीवर उभी दिसली, नाक लाल, तेव्हापासून मी तिला आत घेतो. साडेसहा वर्षं. तिचा बाप नॉर्वेत मासे सोलतो, आई दूध कारखान्यात पाळीवर. दात कुठला पडला, मांजर कुठल्या दिवशी मेलं, कुठला तास लागला की पोटात दुखतं, हे सगळं मला त्या स्टुलावरून कळायचं. मी प्रश्न विचारत नसे. मी किल्ल्यांना तेल द्यायचो आणि ती बोलायची. त्यासाठी मला पदवी लागली नाही.

मग ती दर मंगळवारी तिसऱ्या तासाला तुमच्याकडे जायला लागली. मग गुरुवारीही. सकाळी स्टुलावर बसायची, पण बोलणं राखून ठेवल्यासारखी. डिसेंबरात संत निकोलसच्या दिवशी दरवर्षी मला एक मधाचं बिस्किट मिळायचं, किल्लीच्या आकाराचं, तिने स्वतः कापलेलं. या वेळी ते तुमच्या खिडकीत दिसलं. मला कसं कळलं, तर मी त्या दिवशी तुमच्या खोलीतला दिवा बदलायला आलो होतो.

दिवा चांगलाच होता.

लेशेक


१८ मार्च, मंगळवार

होनोराताबाई,

सातवी ब च्या कपडेघरात सतराव्या, म्हणजे मालविनाच्या हजेरी क्रमांकाच्या खुंटीवर एक राखाडी जाकीट सोळा जानेवारीपासून लटकत होतं. कुणी हात लावत नव्हतं. बायका फरशी पुसताना त्याला वळसा घालायच्या. चेन अडकत होती, ती मी दुरुस्त केली आणि रविवारी बसने मालविनाच्या खेड्यात गेलो.

आईने दार उघडलं, राय नावाच्या धान्याच्या आंबट रश्शाचं पातेलं चुलीवर होतं, मला वाढलं. मग ती कपडे वाळत घालायला मागे गेली. मालविना समोर बसली. जाकिटाची चेन वर-खाली करून बघितली आणि दोन महिन्यांत कुणाशी बोलली नव्हती ती मुलगी बोलली.

“काका, त्या दिवशी सतरा सापडला नाही का?”

मी चमचा खाली ठेवला.

“मला तिसरीपासून माहीत आहे,” ती म्हणाली. “तुम्ही आधी आमच्या तोंडाकडे बघता, मग पिंपात हात घालता. ज्याचा नंबर निघतो त्याच्याकडे मात्र नंतर बघत नाही. मी कुणाला सांगितलं नाही. फक्त होनोराताबाईंना. त्या म्हणाल्या, असा माणूस दाराशी असणं हे केवढं मोठं नशीब आहे आपलं.”

तुम्ही असं म्हणालात. माझ्याबद्दल. आणि मी तुमच्या रोपाच्या मुळांवर लिहीत बसलो होतो.

“बोटं गारठली होती,” मी तिला म्हणालो. “त्या दिवशी थंडी होती ना. लागला नाही हाताला.”

“वाटलंच मला,” ती म्हणाली आणि माझ्या ताटलीत आणखी एक उकडलेलं अंडं ठेवलं.

ते अंडं मी खाल्लं.

आता तुम्हाला काय घडलं ते लिहितो. तुम्हाला अर्धं माहीत आहे, दुसरं अर्धं फक्त मला.

पंधरा जानेवारी, दुपारी दोन वीस. तुम्ही चौकीशी आलात, कोट अंगात, घाईत. म्हणालात, “लेशेकराव, उद्या मी जिल्ह्याला प्रशिक्षणाला आहे. उद्याच गणिताचे सहामाहीचे शेवटचे तोंडी गुण द्यायचेत. मालविना दोन रात्री झोपलेली नाही. शिक्षकांना सांगणार नाही, असा मी तिला शब्द दिलाय. उद्या सतरा निघाला तर फार बरं होईल.”

सत्तावीस वर्षं ज्याची कुणाला शंका आली नाही, ते तुम्हाला माहीत होतं. आणि मला लगेच कळलं की ते कुणी सांगितलं. माझं गुपित तिने नेऊन तुमच्या खिडकीत ठेवलं होतं, बिस्किटासारखं.

मी म्हणालो, “बाई, ही सोडत आहे. नशीब मागणीनुसार येत नसतं.”

तुम्ही हसलात. टोमणा नव्हता त्यात, तेच तर वाईट. “बरं,” म्हणालात, “मग नशिबाला माझा नमस्कार सांगा.” तुमची खात्री होती की मी थट्टा करतोय.

सोळा तारखेला सात चाळीसला पोरं जमली. मालविना मागे, भिंतीला टेकून, ओठ पांढरे. प्रत्येक गोटीवर मी खुणा केलेल्या आहेत, डोळ्याला दिसत नाहीत, नखाला कळतात. सतराला एक चीर आणि शेजारी सात टिंबं. सतरा माझ्या बोटांत आला. शोधावाही लागला नाही, वरच होता. मी तो धरला. मनात म्हटलं, इतका शब्द दिलाय बाईंनी, तर बाईच बघतील. आणि सोडला. चार उचलला. चाराची गरज त्या दिवशी कुणाला नव्हती.

मालविनाने माझ्याकडे बघितलं. मी पिंपाच्या दांड्याचा स्क्रू बघत होतो.

पुढचं चौकशीत आलंच आहे. तिसऱ्या तासाला बेर्नाडेताबाईंनी तिला फळ्याशी बोलावलं, खडू तिच्या हातातून पडला, ती वर्गाबाहेर पळाली, वजा अकरा अंशात, शाळेत आत घालायच्या कापडी चपलांनी शाळेबाहेर गेली आणि तीन तासांनी चार किलोमीटरवरच्या बसथांब्यात सापडली. कपडेघर बंद होतं, कारण तास चालू असताना ते नियमाने बंद असतं. किल्ली माझ्याकडे असते. नऊ त्रेपन्न ते नऊ पंचावन्न ती माझ्या रिकाम्या चौकीसमोर उभी होती. एक मिनिट चाळीस सेकंद. हे आतल्या कॅमेऱ्यात आहे. गेरार्डसाहेबांनी फक्त फाटकाचा कॅमेरा बघितला, आतला मी दाखवला नाही. चौदा दिवसांनी चित्रण आपोआप पुसलं जातं. मी त्याची नक्कल काढून ठेवली आहे. का, ते मला सांगता येत नाही.

मी तळघरात बॉयलरपाशी चहा पीत होतो. तिथे काम नव्हतं. तिचं तोंड पुन्हा बघायला लागू नये म्हणून गेलो होतो.

तुम्ही चौकशीत माझं नाव घ्यायला हवं होतंत. मी रोज वाट बघत होतो. तुम्ही तेवढंही दिलं नाहीत मला. चांगुलपणातही वरचढ राहिलात.

लेशेक


९ एप्रिल, बुधवार

होनोराताबाई,

दोन ठिकाणी जाऊन आलो.

आधी मालविनाकडे. आत गेलो नाही, दारातच सांगितलं. “सतरा सापडला होता. मी सोडला. होनोराताबाईंवर राग होता म्हणून.” शब्द मी बसमध्ये ठरवून ठेवले होते, तेवढेच बोललो.

ती म्हणाली, “म्हणजे सापडला होता.”

“हो.”

तिने दार लावलं. आपटलं नाही. नीट लावलं आणि मग कडी घातल्याचा आवाज आला.

मग गेरार्डसाहेबांकडे. त्यांच्या टेबलावर सतराची गोटी ठेवली. त्यांनी ती बोटांत फिरवली, चष्मा काढला, दिव्याखाली धरली. “इथे काहीच नाही, लेशेक.” मी म्हटलं, नखाने बघा. त्यांची नखं कुरतडलेली आहेत, तुमच्या कधी लक्षात आलं होतं? माझ्या आलं नव्हतं.

सगळं ऐकून त्यांनी गोटी टेबलावर परत ठेवली. मग म्हणाले, “अहवाल बंद झालाय. बाईंनी स्वतः जबाबदारी घेतली. आता नव्याने उघडायचा म्हणजे अख्ख्या शाळेची अब्रू. आणि तू काय सांगणार वरच्यांना? की गोटी हातातून सुटली?”

“सुटली नाही साहेब. सोडली.”

“घरी जा. विश्रांती घे दोन दिवस.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “आणि पिंप उद्यापासून बंद. संगणक काढेल.”

मी विश्रांती घेतली नाही. शिक्षण खात्याच्या जिल्हा कार्यालयाला नऊ पानी निवेदन लिहिलं, सोबत चित्रणाची नक्कल आणि अठ्ठावीस गोट्यांच्या खुणांचा तक्ता. शुद्धलेखन बेर्नाडेताबाईंकडून तपासून घेतलं. त्या सातव्या पानापर्यंत लाल पेन चालवत होत्या, मग पेन ठेवून रडायला लागल्या. “मला कुणी एक शब्द सांगितला असता,” म्हणाल्या, “तर मी तिला का उठवलं असतं, लेशेकराव? मी काय राक्षसीण आहे?” खरं सांगायचं तर शाळेत तिघांना ठाऊक होतं की ती पोर मोडायला आली आहे. तुम्ही शब्द पाळत होतात, मी राग पाळत होतो, ती आमच्या दोघांवर विसंबून होती. गणिताच्या बाईंना विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही.

यात थोडी चूक तुमचीही आहे. तेही नऊ पानांत लिहिलं आहे, नेमकं अर्धं पान. जास्त नाही.

लेशेक


१२ जून, गुरुवार
तळघर, बॉयलरची खोली

होनोराताबाई,

खात्याचं पत्र तुम्हाला मिळालं असेलच. सप्टेंबरपासून जागा तुमची आहे, यायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. गेरार्डसाहेबांना समज मिळाली, मला लेखी ताकीद. दाराची चौकी माझ्याकडून काढली. आता माझ्याकडे बॉयलर, अंगण आणि छप्पर. पिंप शिक्षकखोलीच्या कपाटात कुलूपबंद आहे. संगणकाने गेल्या आठवड्यात बावीस नंबर लागोपाठ दोनदा काढला. बेर्नाडेताबाई आता कुणाला फळ्याशी बोलवायच्या आधी बाकाशी जाऊन हळूच विचारतात, आज की परवा? वेळ फार जातो, पण चालतं.

सोमवारी मालविना आली. सुट्टीला जेमतेम तीन आठवडे उरलेत, तरी आली. सात पाचची बस. आता चौकीत तेरेसाबाई असतात, त्या साडेसातशिवाय दार उघडत नाहीत, तसा नियमच आहे. मी अंगणातून बघितलं, ती पायरीवर उभी होती, पहिलीत उभी होती तिथेच, फक्त आता माझ्या खांद्याला लागेल एवढी. उजव्या पायावर भार देते.

मी तळघराचं दार उघडलं आणि आत जाऊन बॉयलरची झडप पुसत बसलो. बोलावलं नाही. पाच मिनिटांनी ती पायऱ्या उतरून आली. तिथे बसायला काही नव्हतं. तिने बादली उपडी केली आणि बसली. मी झडप पुसत राहिलो. स्वच्छच होती.

वीस मिनिटांनी तिने विचारलं, “बाई कधी येणार?”

“सप्टेंबरात. यायचं ठरवलं तर.”

“येतील,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, “त्यांच्या खोलीतल्या निळ्या खुर्च्यांत माणूस बुडतं. त्यांत बसून बोलता येत नाही. मी खिडकीत बसायचे.”

घंटा झाली. उठताना तिने बादली सरळ करून जागेवर ठेवली. मला नमस्कार केला नाही. मंगळवारी पुन्हा आली, काल पुन्हा आली. नमस्कार अजून नाही. मी मोजतोय असं समजू नका. म्हणजे मोजतोय, पण मागत नाही.

काल शाळा सुटल्यावर मी चौकीशेजारचं स्टूल उचलून आणलं. पहिलीतल्या मुलीच्या मापाने केलेलं होतं ते. चारही पायांना चार-चार सेंटिमीटरचे बीचचे तुकडे जोडले, सांधे आतून, खिळा एकही नाही. डगमगत नाही, पाण्याचा पेला ठेवून बघितलं. मग ते बारा नंबरमध्ये नेऊन खिडकीपाशी ठेवलं, रोपाच्या डावीकडे. ही खोली रिकामी करायला मला एकतीस फेऱ्या लागल्या होत्या. ठेवायला एकच लागली.

रोपाला दोन नवी पानं आली आहेत. सुट्टीत पाणी मीच घालीन, मग दुसरी किल्लीही चौकीत जमा करीन. तुमची तुमच्याकडेच राहू द्या. एकोणचाळिसावा खिळा मी फळ्यावरून काढून भोक बुजवलं आहे.

स्टूल मात्र माझं आहे, होनोराताबाई. खालच्या बाजूला नाव कोरलेलं आहे. तिला बसू द्या, बोलू द्या, मला येऊन काही सांगू नका. फक्त फरशी पुसताना कुणी ते उलटं केलं आणि विचारलं, तर कुणाचं आहे ते सांगा.

लेशेक